वीस मीटर खोल खड्डा आणि वीसपट मासे

उत्तर समुद्राच्या तळावरच्या एका खड्ड्यात पकडलेल्या प्लेस माशांची पोटे संशोधकांनी चिरली. एकूण एक माशाच्या जठरात आणि आतड्यात तोच ऐवज निघाला: पांढऱ्या शिंपल्यांचा न पचलेला चुरा. प्लेस हा लेपासारखा चपटा, वाळूवर अंग टाकून पडून राहणारा मासा. आणि शिंपला होता अब्रा आल्बा, नखाएवढा, पातळ कवचाचा, मऊ गाळ आवडणारा. आजूबाजूच्या उघड्या वाळूत त्याचे एवढे प्रस्थ नव्हते. खड्ड्यात मात्र तो मुबलक झाला होता, आणि प्लेस त्यावर ताव मारत होता.

हा खड्डा माणसाने केलेला. रॉटरडॅम बंदर समुद्रात पुढे सरकवण्यासाठी तिथून वाळू उपसली होती. उपसा थांबल्यानंतर एक आणि दोन वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा खड्ड्याच्या खोल भागात तळाशी राहणाऱ्या माशांचे एकूण वजन आसपासच्या तळाच्या वीसपट भरले. हा आकडा सुटा उचलला, तर ‘वाळू काढली की मासे वाढतात’ असे वाक्य सहज तयार होते. ज्या पीएचडी संशोधनातून तो आला, ते संशोधन असे म्हणत नाही. ते काय म्हणते हे नीट समजून घ्यावे, म्हणून हे प्रकरण मी इथे उलगडून मांडतो आहे.

दोन मीटर की वीस मीटर

मासफ्लाक्टे-२ हा रॉटरडॅम बंदराचा समुद्रात भराव घालून केलेला विस्तार. काम २००८च्या सप्टेंबरात सुरू झाले आणि २०१३च्या मे महिन्यात पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्याआधी बरीच वर्षे कागदावर आणि न्यायासनापुढे गेली. २००५च्या जानेवारीत नेदरलँड्सच्या राज्य परिषदेने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायासनाने, या योजनेचा निर्णय अडवला होता. कारण वाचण्यासारखे आहे. नुकती अंड्यातून निघालेली माशांची पिल्ले आणि पाण्यातला बारीक गाळ किनाऱ्यालगतच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला, डच किनाऱ्यालगतच्या उथळ वाडन समुद्राकडे जातात. बंदर पुढे आले तर या वाहतुकीचे काय होईल, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, असे परिषदेचे म्हणणे होते. डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या पिल्लांसाठी एवढ्या मोठ्या बंदराचे काम अडते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुढे अभ्यास झाले आणि परवानगी मिळाली. भरपाई म्हणून दक्षिणेकडच्या उथळ किनारी पाण्यात सुमारे २५ हजार हेक्टरांचा तळ संरक्षित ठरवला गेला.

भरावासाठी २००९ ते २०१३ या काळात समुद्रतळातून सुमारे २२ कोटी घनमीटर वाळू काढली. ती कशी काढायची, हा खरा प्रश्न होता.

नेदरलँड्सच्या समुद्रात त्याआधीची कित्येक वर्षे एकच पद्धत होती: तळाचा वरचा दोन मीटरांचा थर काढायचा, त्याहून खाली जायचे नाही. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. उथळ चर असला तर लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह तळाशी खेळते राहतात, वाळू वाळूच राहते आणि आधीचे जीव परत येऊ शकतात. खोल खड्ड्यात पाणी थबकले तर गाळ साचेल, तळाशी प्राणवायू कमी पडेल, अशी भीती सगळीकडेच असते.

पण गणित करून पाहा. २२ कोटी घनमीटर वाळू दोन मीटरांच्या थराने काढायची, तर ११० चौरस किलोमीटर तळ खरवडावा लागतो. तीच वाळू वीस मीटर खोल जाऊन काढली, तर ११ चौरस किलोमीटर पुरतात. ज्या तळावरून यंत्राचे तोंड फिरते तिथले जवळपास सगळे जीवन त्या दिवशी संपते, यात वाद नाही. मग दहापट मोठ्या जागेवर हलकी जखम करायची, की दहाव्या हिश्शाच्या जागेवर खोल? अधिकाऱ्यांनी खोलीचा पर्याय निवडला. मासफ्लाक्टेसाठी तळाखाली वीस मीटरांपर्यंत खोल जाण्याची मुभा मिळाली, आणि काही ठिकाणी खड्डा त्याहून थोडा अधिक खोल झाला. मुळात तिथे पाणी सुमारे वीस मीटर होते. उपशानंतर ते चाळिसाच्या पुढे गेले.

उपसा करणारे जहाज म्हणजे ट्रेलिंग सक्शन हॉपर ड्रेजर. जहाज सावकाश पुढे जाते, त्याच्या कुशीला लटकणारा जाड नळ तळावरून ओढला जातो, आणि नळाच्या तोंडातून वाळू-पाण्याचे मिश्रण वर खेचून जहाजाच्या पोटातल्या हौदात सोडले जाते. वाळू खाली बसते, जादा पाणी बाहेर सांडते आणि त्या पाण्याबरोबर बारीक गाळही समुद्रात परत जातो. म्हणजे जखम फक्त खड्ड्यापुरती नसते. गाळाचा हा पडदा प्रवाहाबरोबर दूरवर जातो.

पाहणी कशी झाली

संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तळाकडे तीन वेगवेगळ्या साधनांनी पाहिले. वाळूत गाडून राहणारे जीव मोजण्यासाठी बॉक्स कोअरर, म्हणजे तळात खुपसून वाळूचा ठोकळा जसाच्या तसा वर आणणारी पेटी. वाळूच्या पृष्ठभागावर आणि लगत खाली राहणाऱ्या मोठ्या जीवांसाठी तळावरून ओढायची लोखंडी घसरगाडी. आणि माशांसाठी जाळे. बॉक्स कोअररने आणलेल्या ठोकळ्यातूनच वाळूच्या कणांचा आकार, चिखलाचे प्रमाण अशा गोष्टीही तपासल्या. तळाजवळचा प्रवाह आणि खारटपणा यांचा अंदाज संगणकी प्रतिमानावरून काढला. हीच मापे उपसा न झालेल्या आसपासच्या संदर्भ क्षेत्रातही घेतली.

हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण सगळे त्यावर उभे आहे. फक्त जाळे टाकले असते तर वीसपट मासे दिसले असते आणि कारण कळले नसते. फक्त पेटी टाकली असती तर शिंपले दिसले असते, पण ते कोणाच्या पोटात जातात हे समजले नसते. माशाचे पोट, शिंपल्याचे वजन, वाळूचा कण आणि पाण्याचा वेग हे एका साखळीत बसवता आले, म्हणून या कामाला वजन आहे.

या खड्ड्यात आणखी एक प्रयोग झाला. निसर्गाच्या साथीने बांधकाम करण्याच्या डच कार्यक्रमातून ती कल्पना आली होती. उत्तर समुद्राच्या तळावर प्रवाहांनी घडवलेल्या वाळूच्या लाटा आणि दांडे नैसर्गिकरीत्या असतात. खड्डा सपाट खणण्याऐवजी काही भाग मुद्दाम न उपसता सोडून द्यायचा आणि तसे दांडे खड्ड्याच्या पोटात तयार करायचे, असे ठरले. असे दोन दांडे सोडले: एक भरती-ओहोटीच्या प्रवाहाला समांतर, दुसरा तिरपा. समांतर दांडा सुमारे ७०० मीटर लांब, माथ्याशी ७० मीटर रुंद आणि १० मीटर उंच. वेगळे यंत्र लागले नाही, ड्रेजरने कुठे फिरायचे आणि कुठे नाही एवढाच फरक. उंचसखल तळावर जीवांचीही विविधता येईल, अशी अपेक्षा होती.

काय आढळले

उपसा थांबल्यावर दोन वर्षांनी सर्वांत खोल भागात तळजीवांचे वजन पाचपट झाले होते. जातींचा मेळही पार बदलला होता. आधीच्या स्वच्छ, हलत्या वाळूत जगणारे जीव मागे पडले आणि गाळ खाणारे पुढे आले. त्यांतला म्होरक्या अब्रा आल्बा. तो तळात बसून नळीसारखे अवयव बाहेर काढतो आणि पृष्ठभागावर साचलेले सेंद्रिय कण ओढून खातो. जिथे असे कण सतत खाली येतात आणि वाहून जात नाहीत, तिथे त्याची चंगळ. खोल खड्डा नेमका तसाच असतो.

माशांचे वजन वीसपट झाल्याचे वर आलेच आहे. इथे मला एका गोष्टीवर थांबावेसे वाटते. खाद्य पाचपट आणि खाणारे वीसपट, हे प्रमाण डोळ्यांत भरते. शिंपला जागचा हलत नाही, मासा हलतो. खड्ड्यातले सगळे मासे खड्ड्याने पोसून वाढवले, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. त्यांतले काही भरल्या ताटाकडे आसपासच्या तळावरून आलेले असणार, असे मला वाटते. खड्ड्यात मासे जास्त असणे आणि समुद्रात मासे जास्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कृत्रिम प्रवाळभित्तींबद्दलही हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे: त्या मासे निर्माण करतात, की फक्त गोळा करतात?

यापुढचा निष्कर्ष मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि वीसपटीच्या झगमगाटात तोच दिसेनासा होतो. एका दांड्याच्या पायथ्याच्या घळीत दोन वर्षांनी माशांचे वजन घसरून पुन्हा संदर्भ क्षेत्राइतके खाली आले. जातींचा मेळही बदलला. म्हणजे त्याच खड्ड्यात, एकाच सुमारास, एका ठिकाणी भरभराट होती आणि दुसऱ्या ठिकाणी ती ओसरलेली होती.

वाळूवरून पाणी किती जोराने घासते

हे कोडे सुटते ते जीवशास्त्राने नाही, पाण्याच्या वेगाने. तळावरून वाहणारे पाणी वाळूला जो ओरखडा काढते, त्याला तळावरचा घर्षण-ताण म्हणता येईल. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो: वेग निम्मा झाला की ताण चौथ्या हिश्शावर येतो. खड्ड्यात पाणी खोल होते, तेवढेच पाणी जास्त जागेतून जाते, म्हणून वेग पडतो आणि ताण त्याहून झपाट्याने पडतो. ताण जास्त असेल तर बारीक कण टिकत नाहीत, वाळू स्वच्छ राहते. ताण कमी झाला की चिखल बसू लागतो, आणि चिखलाबरोबर त्याचे खाणारे येतात.

संशोधनात तीन प्रकारच्या जागा एका मापाने मोजल्या: नेहमीचे दोन मीटरांचे उथळ उपसे, आठ मीटरांनी खोल केलेला जहाजांचा मार्ग, आणि हा वीस ते चोवीस मीटरांचा खड्डा. भरती-ओहोटीच्या चक्रावर काढलेला सरासरी ताण सगळीकडे लावून पाहिला. खड्ड्याबाहेर तो दर चौरस मीटरला ०.५० न्यूटन होता. खड्ड्याच्या तळाशी ०.०४. बारापटींहून अधिक घट.

मग पायऱ्या दिसू लागल्या. ताण ०.४१च्या आसपास राहिला तर तळजीव चार ते सहा वर्षांत उपशाआधीच्या स्थितीला येतील, अशी अपेक्षा धरता येते. उथळ उपशाचे हेच गणित. ताण ०.१७च्या खाली गेला की जातींची संख्या आणि वजन दोन्ही वाढू शकतात. ०.०८च्या खाली अब्रा आल्बा, प्लेस आणि ब्रिटल स्टार, म्हणजे लांब, सहज तुटणाऱ्या हातांचे तारामाशाचे भाऊबंद, यांची वाढ दिसते. आणि ०.०४च्याही खाली गेले की ब्रिटल स्टार बाकी सगळ्यांना बाजूला सारून तळावर पसरतात. माशांचे वजन आणि जाती मात्र पुन्हा संदर्भ क्षेत्रासारख्या होऊ शकतात.

आता आपला खड्डा कुठे आहे ते पाहा. त्याचा सर्वांत खोल भाग बरोबर ०.०४च्या काठावर आहे. वीसपट मासे अशा जागी मोजले गेले, जी पुढच्या पायरीवर घसरायच्या बेतात होती, आणि घळीत ती घसरण बहुधा झालीही होती. नकाशावर हा खड्डा एकच आहे, पण ताणाच्या हिशेबाने त्यात तीन-चार वेगवेगळे समुद्र एकमेकांना खेटून आहेत.

म्हणूनच ‘खोल चांगले की उथळ?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. विचारायला हवे ते हे की या जागी, एवढ्या प्रवाहात, एवढ्या पाण्यात किती खोल गेल्यावर ताण कितीवर येईल. प्रवाह जोराचा आणि पाणी मुळात खोल असेल, तर जास्त खणूनही ताण हव्या त्या पातळीवर ठेवता येतो. शांत, उथळ जागी तेवढेच खणले तर खालचा भाग ब्रिटल स्टारांचा गालिचा होऊन बसेल. प्रबंधातून आलेले रचनेचे नियम नेमके हेच सांगतात आणि ते खणण्यापूर्वी, नकाशा आखतानाच वापरता येतात. ताणाचा अंदाज साध्या सूत्राने काढता येतो, त्यासाठी आधी तळ फोडावा लागत नाही. अभियंता आणि जीवशास्त्रज्ञ एका टेबलावर बसून ज्याच्यावर बोट ठेवू शकतील असा आकडा मिळणे ही मोठीच मिळकत आहे.

जे वीसपटीत मोजले जात नाही

वजन वाढले, हे खरे. पण कोणाचे? जुन्या तळाचे रहिवासी तिथे परतले नाहीत, वेगळेच जीव राहायला आले. खोल भागात हलत्या वाळूच्या जागी गाळाचा तळ आला आणि त्याला त्याचे स्वतःचे जीवन लाभले. ‘पूर्ववत झाले’ आणि ‘समृद्ध झाले’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरणे मला मान्य नाही.

सँडईलचे उदाहरण घ्या. करंगळीसारखा हा बारीक मासा रात्री आणि हिवाळाभर वाळूत गाडून घेतो. त्याला मोकळी, भरड, पाणी खेळते असणारी वाळू लागते. बारीक चिखल वाढला की तो ती जागा सोडतो. टर्नसारखे समुद्रपक्षी आपल्या पिल्लांना भरवण्यासाठी या माशावर अवलंबून असतात. प्लेस आणि शिंपल्यांचा मेळ कितीही भरला, तरी सँडईलच्या हिशेबात तो खड्डा वजाच धरावा लागेल. कोणत्याही उपशाच्या परवानगीआधी, त्या जागेवर कोणाचा हक्क आहे हे जातीगणिक विचारले पाहिजे. एकूण वजनाचा आकडा या प्रश्नावर पांघरूण घालतो.

दांड्यांचा निकाल आशा वाढवणारा आहे. माथ्यावरचे मासे घळीतल्या माशांपेक्षा वेगळे निघाले. माथ्यावर टब गर्नार्ड दिसला, पंखासारखे पर असलेला, परांच्या मोकळ्या काड्यांनी तळ चाचपत चालणारा मासा. नेदरलँड्सच्या लाल यादीतला. वाळूचे कण आणि तळजीवही दांड्यांमुळे बदलले. ड्रेजरच्या वाटेत केलेल्या एवढ्याशा फरकाने संकटातल्या एका माशाला जागा मिळत असेल, तर तो फरक प्रत्येक खड्ड्यात करून पाहायला हवा. पण इथेच संशोधकांनी स्वतः हात आखडता घेतला आहे, आणि तो योग्यच आहे. प्रत्येक प्रकारचा दांडा एकच होता. जोडीला दुसरा, तिसरा तसाच दांडा नसताना, दिसलेला फरक दांड्याचा की त्या विशिष्ट जागेचा, हे ठामपणे सांगता येत नाही. बंदर बांधणाऱ्यांना एकसारखे दोन-तीन दांडे नको असतात, वाळू हवी असते. पीएचडीच्या विद्यार्थ्याला कंत्राटदाराच्या वेळापत्रकात जे बसेल तेच मिळते.

वेळेचेही तसेच. उपसा थांबल्यावर दोन-अडीच वर्षांपर्यंतची ही मापे आहेत. खड्ड्यातला गाळ अजून बसत होता, जाती अजून बदलत होत्या, नवा समतोल आलेला नव्हता, असे प्रबंधाच्या लेखांतच म्हटले आहे, आणि किमान सहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाहणी चालू ठेवावी अशी शिफारस केली आहे. नेदरलँड्समध्ये पीएचडीची मुदत साधारण चार वर्षांची असते. म्हणजे ज्याला प्रश्न सर्वांत चांगला कळला आहे, त्याची मुदत खड्ड्याच्या आधी संपते.

दरम्यान मागणी थांबलेली नाही. डच किनारा टिकवण्यासाठी त्या काळात दरवर्षी सुमारे १.२ कोटी घनमीटर वाळू समुद्रातून काढून किनाऱ्यावर टाकली जात होती, आणि २०११ मध्ये हेगच्या दक्षिणेला एकाच प्रयोगात २.१५ कोटी घनमीटर टाकली गेली. एक कोटी घनमीटरांहून मोठ्या उपशांसाठी दोन मीटरांपेक्षा खोल जायला तिथल्या अधिकाऱ्यांनी उत्तेजनही दिले आहे. जगभराचे पाहिले तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार दरवर्षी ४०० ते ८०० कोटी टन वाळू आणि गाळ समुद्रातून उपसला जातो.

एवढ्या उपशासमोर एका खड्ड्याचा, दोन दांड्यांचा आणि दोन-अडीच वर्षांचा पुरावा आपल्या हाती आहे. तो चांगला आहे, प्रामाणिक आहे. पुढच्या मोठ्या उपशाच्या परवान्यात मला तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. ताणाचा आकडा खोलीच्या आकड्याशेजारी, नकाशावर, जागेगणिक. दांडे एकेक नाहीत, एकाच प्रकारचे निदान तीन. आणि उपसा संपल्यानंतरच्या दहा वर्षांच्या पाहणीचा खर्च वाळूच्याच किमतीत आधी धरलेला, म्हणजे संशोधक बदलला तरी तीच पेटी, तीच घसरगाडी आणि तेच जाळे दरवर्षी त्याच घळीत आणि त्याच माथ्यावर उतरत राहील.